कारखानीसांच्या स्वयंपाकघरातली कळशी

नाशिक,
१२ जानेवारी २०२५

चि. गौरांग यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की शॉट लागलाय म्हणून तू ठेवून देतोस, म्हणून आपलं पत्र बरं. ते निदान मध्येच कापता येत नाही.

‘कारखानीसांची सून’ परवा संपली. शेवटच्या भागाला मी एवढी रडले की आभा म्हणाली, आई, आता दहा दिवस सुतक पाळणार का? तुझ्या भाऊजींनी माझ्या काचेच्या कपाटाला ‘कारखानीस संग्रहालय’ असं नाव दिलंय. बघायला येणाऱ्यांना तिकीट लावू म्हणतात. हसू देत. सासूबाईंचा काचा नसलेला चष्मा, सुनेच्या फुटलेल्या बांगड्यांची डबी, दारावरची पुठ्ठ्याची पाटी आणि तुमच्या सेटवरच्या सुतारकाम करणाऱ्या समाधानने दिवाळीत आणून दिलेला थर्माकोलचा गणपती. अख्ख्या नाशकात एवढं कुणाकडे आहे?

आता एकच वस्तू हवी. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या डावीकडे असायची ती तांब्याची कळशी. कलाविभागात तू असताना ती दुसऱ्याच्या घरी जाणं बरं नव्हे. तुझ्याकडे राहायला आल्यावर आई रोज टीव्हीकडे बोट दाखवून म्हणायची ना, ती माझी कळशी? किती समजावलं आपण, पण शेवटी शेवटी डोकंच चालेना बिचारीचं. तिची सगळी भांडी तू मठाच्या अन्नछत्राला दिलीस ते छानच केलंस, पण माझ्याकडे तिचं एकही उरलं नाही. ही खोटी का होईना, घरात आली तर तिचा हट्ट पुरवल्यासारखं वाटेल.

तुला जमत नसेल तर समाधानला सांगते. वहिनीला आठवण सांग, आणि ताईवरची माया शूटिंगच्या वेळापत्रकात बसवत जा.

तुझी,
इंदिराताई

मुंबई,
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. संग्रहालयाच्या क्युरेटरबाईंना सांगायला वाईट वाटतं, की ती कळशी मिळणं कठीण आहे. सेट मोडला तेव्हा सगळं सामान गोदामात गेलं, कुठलं कुठे याचा पत्ता नाही. आणि खरं सांगू? ती पत्र्याची होती गं. वरून तांब्याचा रंग. जवळून बघितलीस तर तुझाच विरस होईल.

त्याऐवजी सुनेच्या लग्नातल्या मुंडावळ्या पाठवतोय. त्यासाठी पुण्याच्या एक बाई माझ्या मागे लागल्या होत्या, पण तुझा मान पहिला. समाधानला उगाच त्रास देऊ नकोस, तो दुसऱ्या सेटच्या कामात बुडालाय.

आईचं ते आता सारखं काढू नये असं मला वाटतं. त्रास होतो. भाऊजींना नमस्कार, आभाला पापा. अशीच हक्काने रागवत राहा.

तुझा,
गौरांग

नाशिक,
२३ फेब्रुवारी २०२५

गौरांग,

समाधान काल येऊन गेला. नामपूरला घरी निघाला होता, वाट वाकडी करून आला. गोणपाटात गुंडाळलेली कळशी घेऊन. तू नको म्हणालास तरी मी त्याला कळवलं होतं.

हातात घेतली तेव्हाच कळलं, पत्रा इतका जड नसतो. चहा पिताना तो सहज म्हणाला, ताई, ही तर गौरांगभाऊनीच घरून आणेल शे, पातेली नि परातबी संगे होती. मला वाटलं, त्याची काहीतरी गल्लत होतेय. मी हसलेसुद्धा.

तो गेल्यावर चिंच घेऊन घासायला बसले. काठाखाली एक पट्टा बोटाला वेगळा लागत होता. वर लाखेसारखं काही थापून तांबड्या रंगाचा हात दिलेला. चिंचेने निघेना. मग उकळतं पाणी ओतलं आणि उलथन्याने खरवडलं. खालून ठोक्यांची अक्षरं वर आली, आईच्या लग्नातली. चि. सौ. कां. गोदावरी हिस, मामांकडून.

पडद्यावर नाव दिसू नये म्हणून असं करतात, हे तूच मला एकदा कौतुकाने सांगितलं होतंस.

मठाला दिली म्हणालास. आईच्या पातेल्यात रोज दोनशे माणसांचा भात शिजतो, असं मी चार घरी सांगत फिरले. आईच्या मैत्रिणीने, लताबाईंनी, तेराव्याला हेच सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा तू मान खाली घालून बसला होतास. मला वाटलं, दुःखाने.

तेही सोडून देते. भांडी गेली असती तरी चाललं असतं. पण आई रोज संध्याकाळी सात वाजता खरं बोलत होती. ती तिथला पोचा दाखवायची, इंदूने लहानपणी नळावर आपटली होती म्हणायची. तो पोचा काल माझ्या हाताला लागला. तिच्या शेजारी सोफ्यावर बसून तुला हे सगळं माहीत होतं. तरी तू बाहेर जाऊन मला फोन लावायचास, की ताई, आज पुन्हा सुरू झालं.

अशाच एका फोनवर मी मुंबईला आले. तिचा हात हातात घेऊन, लहान मुलाला शिकवावं तसं तिच्याकडून वदवून घेतलं, की ती कळशी माझी नाही, मालिकेतली आहे. तू दारात उभा होतास. तेव्हा तरी बोलायचंस.

उत्तर लिही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

इंदिरा

मुंबई,
६ मार्च २०२५

ती. ताईस सा. न.

तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

लॉकडाऊननंतर दीड वर्ष मी घरी होतो, हे तुला मी पूर्ण कधी सांगितलं नाही. या मालिकेला जुनं, वापरातलं स्वयंपाकघर हवं होतं. भाड्याची भांडी कॅमेऱ्यात खोटी दिसतात, कुणाकडे खरी आहेत का, असं विचारलं. मी म्हणालो, माझ्याकडे आहेत. त्यावर मला घेतलं. नाशिकचं घर रिकामं करताना भांडी थेट सेटवर गेली. तू विचारलंस तेव्हा तोंडातून मठ निघाला. सहा महिन्यांत परत आणू असं वाटलं होतं, मालिका तीन वर्षं चालली.

आईने पहिल्यांदा ओळखली तेव्हा घरात पाहुणे होते. मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं तर आदल्या दिवशीचं खोटं ठरलं असतं. मग ते वाढतच गेलं. आणि ताई, ती विसरत तर होतीच. वरणात दोनदा मीठ घालायची. डॉक्टरांना दाखवू असं पहिल्यांदा तूच म्हणालीस.

बाकीची भांडी शोधून काढलीत. चैत्र वद्य पंचमीला आईच्या वर्षश्राद्धाला येताना घेऊन येतो. चारचौघांत विषय नको, एवढं ऐक. धाकट्याला एकदा पदरात घे.

तुझा,
गौरांग

नाशिक,
१५ मार्च २०२५

गौरांग,

डॉक्टरांना दाखवू असं मी म्हणाले, ते खरं आहे. ते मी खोडत नाही.

मीठ ती विसरायची. मीही विसरते. पण आपण तिच्याकडून ते वदवून घेतलं त्यानंतरचं तुला आठवत नसेल तर सांगते. ती सात वाजता टीव्हीसमोर यायची बंद झाली. मग एकेका वस्तूला विचारायला लागली. हा चष्मा माझाच ना, ही साडी माझीच ना. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, तू माझीच ना गं? बाहेर येऊन आपण एकमेकांना म्हणालो, आता माणसंही ओळखत नाही. ती ओळखत होती. फक्त आपल्याला ओळखता येतं यावर तिचा भरवसा राहिला नव्हता, आणि तो आपण दोघांनी काढून घेतला होता.

भांडी आण किंवा आणू नकोस. तू मात्र ये.

मामंजींनी भिक्षुकी केव्हाच सोडली, पण आईचं श्राद्ध सांगायला मीच बसणार म्हणतात. त्यांना मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की जाण्याआधी विहीणबाईंना कुणी खरं सांगितलं का? मी नाही म्हणाले. मग मी विचारलं, विधीत मुलाने आपल्या भाषेत काही बोलायची जागा असते का? म्हणाले, पोथीत तशी जागा नाही. जानवं सारखं करत पुढे म्हणाले, पिंड मांडून झाले की मी थांबेन. त्याला मराठीत बोलू दे. हळू नको, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तेव्हा चारचौघांतच बोलायचं आहे. काम नव्हतं, घरात पाहुणे होते, मालिका लांबली, यातलं काही नको. आई, ती कळशी तुझीच होती आणि मला ते माहीत होतं, एवढंच.

तुझं झालं की मामंजी आणखी एकदा थांबणार आहेत. तेवढा वेळ मी माझ्यासाठी मागून घेतलाय.

सकाळी आठच्या आत पोच.

इंदिरा