पालकांना कळवावे

१४ ऑक्टोबर, सोमवार

झरणा आजही आली नाही. दसरा झाला, सगळा वर्ग भरला, तिची जागा रिकामी!

शाळेच्या गरब्यात घागऱ्यात पाय अडकून पडली, एवढंच. ओढणी तोंडावर, पाय वर. कोण पडत नाही? पण नववी-बमधल्या कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि त्याचं स्टिकर केलं. आता वर्गाच्या ग्रुपवर कुणाला कमी मार्क पडले – पाठव झरणा. कुणाला उशीर झाला – पाठव झरणा! ती घरी बसलीय, आणि हसणारे पहिल्या बाकावर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

प्राचार्य जोशीपुरासाहेबांकडे गेले. साहेब गाठिया खात होते. "बेन, मोबाइल घरचा, वेळ घरची. शाळेच्या शिस्तीच्या नियमांत हे कुठे बसतं?"

बसत नसेल तर बसवा ना!

"मग तुम्हीच लिहून आणा."

घ्या! आता नियम लिहिणं माझ्याच गळ्यात.

१५ ऑक्टोबर

वर्गात विचारलं. "बेन, मस्ती होती." मस्ती म्हणे! दिवसभर डोकं तडतडतंय.

१६ ऑक्टोबर, शरद पूनम

संध्याकाळी दुधात पौवे भिजवत होते. हे हसतहसत आत आले, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. यांचा शेअरबाजाराचा ग्रुप. त्यावर तेच स्टिकर! तोच आरशांचा घागरा. खाली कुणीतरी लिहिलंय – 'आजचं मार्केट'. बाजार पडला की अख्खं भावनगर म्हणे हेच पाठवतंय.

"अहो, ही आमच्या शाळेतली मुलगी आहे!"

"अगं, तोंड कुठे दिसतंय? मला काय स्वप्न पडणार?" चेहरा उतरला यांचा. लगेच पुसून टाकलं. पण बाकीच्यांचं काय? आणि बाजार तर सध्या रोजच पडतोय!

दूध-पौवा यंदा गोड लागला नाही.

१८ ऑक्टोबर

नियम लिहिले. घरून केलं तरी शाळेचा नियम लागू. करणारा आणि पुढे पाठवणारा, दोघेही दोषी. आणि ज्याची थट्टा झाली त्याच्या पालकांना त्याच दिवशी कळवावे.

या शेवटच्यावर साहेब अडले. "पालक म्हणजे मोहोळ, बेन. दगड कशाला मारताय?" मी हटले नाही. आईबापांपासून लपवून कुठल्या पोराचं भलं झालंय? चांगलंच वाजलं आमचं. शेवटी म्हणाले, "ठेवा बाबा, ठेवा!"

१९ ऑक्टोबर, शनिवार

झरणाच्या घरी गेले. आई, रंजनबेन, चहा ओतता ओतता सांगत होती – "पोट दुखतं म्हणते, डॉक्टरला काही सापडत नाही. घागरा धुवायला मागते तर तोही देत नाही! एकेक आरसा मी हाताने शिवलाय हो. तिच्या पप्पांनी तर बघितलासुद्धा नाही. दिवाळी आली की रंगाच्या दुकानातून त्यांची सुटका नसते."

म्हणजे घरात कुणालाच पत्ता नाही.

झरणाला गच्चीवर गाठलं. केवढी वाळलीय! नवे नियम सांगितले. ऐकून घेतलं, मग माझा हात धरला. "बेन, सोमवारपासून येते. खरंच येते. पण पप्पांना नका सांगू."

"मारतील?"

"नाही हो! पप्पा कधी ओरडतसुद्धा नाहीत."

"मग?"

कठड्याचा चुना नखाने खरवडत बसली.

वैताग आला. असा देवमाणूस बाप, आणि त्याच्यापासून लपवायचं? पोरींना नको त्या गोष्टीची लाज. पायऱ्या उतरतानाच ठरवलं – सांगायचंच. नाहीतर लिहिलं कशाला?

२१ ऑक्टोबर

झरणा आली नाही. मी गच्चीवर 'हो' म्हटलं नव्हतं ना. तिने ओळखलं.

२२ ऑक्टोबर

शाळेच्या समितीने नियम मंजूर केले, एक शब्द न बदलता! स्टिकर करणारा पोरगाही सापडला. रडला. "एवढं लांब जाईल असं वाटलं नव्हतं, बेन." त्याच्या घरच्यांना बोलावलंय. किरीटभाईंना, झरणाच्या पप्पांना, फोन केला – शुक्रवारी या. मला आनंद व्हायला हवा.

२४ ऑक्टोबर

कशात लक्ष नाही. भाकरी करपली, नववी-बवर उगाच खेकसले. उद्या एकदा होऊन जाऊ दे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

किरीटभाई आले. हाताला रंग, हसरा चेहरा. नियमांचा कागद मी पुढे सरकवत होते, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. बघून खो-खो हसले, माझ्याकडे वळवला. तोच आरशांचा घागरा! "हे बघितलंत का, बेन? आज बाजार फारच आपटला! आमच्या ग्रुपवर हे मीच आणलं. झरणालाही रोज पाठवतो. पोट दुखतं ना तिचं, तेवढीच हसेल."

मग मोबाइल खिशात ठेवला, आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हं, बोला बेन. काय केलं माझ्या झरणाने?"