जिन्यावरचा खोकला

रविवार, दि. ९

ती. ताईस,
सा. नमस्कार. मी ठीक आहे. माझ्या खोकल्याची तू चौकशी केलीस, असं आईने कळवलं. खोकला बरा आहे. खरं म्हणजे तो झालाच नव्हता.

कारखान्यात मी बटणांचं, दोऱ्याचं गोदाम सांभाळतो. काजं करणाऱ्या एक बाई आहेत. त्या बटणं न्यायला आल्या, की सुपरवायझर म्हणायचे, "जा रे पंडित, वरून दोरा आण." (शिक्षण नववी, पण शुद्ध लिहितो म्हणून पंडित.) दोरा गोदामातच असायचा. तरी मी जायचो. लवकर परतायचो आणि जिन्यावरूनच मोठ्याने खोकायचो. मग गोदामाचं बंद दार उघडायचं, बाई पदर सावरत, खाली मानेने निघून जायच्या. आपण केवढं केलं, असं मला वाटायचं.

एकदा त्या थांबल्या. "भाऊ, औषध घ्या हो कसलंतरी," म्हणाल्या. एवढंच.

आता त्यांनी सुपरवायझरांविरुद्ध लेखी तक्रार केली आहे. ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. मुदत संपायला चार दिवस असताना त्यांना हे बाहेरून कळलं. कारण तक्रार समितीचा, नियमांचा जो कागद भिंतीवर लावायचा, तो सुपरवायझरांनी सांगितलं म्हणून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. चारही कोपरे सरळ. त्यातली एक वेलांटीही पेनाने सुधारली होती.

उद्या समितीपुढे माझी साक्ष आहे. बाहेरच्या एक वकीलबाईही असतील. साक्ष दिली म्हणून कामावरून काढता येत नाही, असं त्या कागदात आहे. मी ते सतरा वेळा वाचलं.

"तू तर वर होतास, पंडित. तू काय पाहिलंस?" सुपरवायझर परवा हसत म्हणाले. खरंच, मी काहीच पाहिलं नाही. पण मला वर का पाठवायचे, ते मला ठाऊक होतं. तेवढं सांगणार आहे. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर आता कुणी बसत नाही. सुपरवायझरांची माणसं नाहीत, आणि त्या बाईही नाहीत.

कागद काल भिंतीवर लावला. काढताना एक कोपरा फाटला.

ताई, तू ती कचेरी सोडलीस तेव्हा घरात सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "एवढं काय मनावर घ्यायचं?" तू ताट तसंच ठेवून उठलीस. तिथेही कुणीतरी दोरा आणायला गेला असेल, हे आता कळतं.

तुला तिथे काय झालं होतं?

विचारायला सहा वर्षं लावणारा,
तुझा धाकटा