तुमचं नाव पहिलं आलं

आबा, आलेलं गिऱ्हाईक उचलून दुसऱ्याच्या दुकानात नेऊन सोडायचं असतं होय? तुम्ही सोडलंत. त्यांच्या चपला स्वतःच्या हातात घेऊन, भर चैत्रात, सगळ्या पायऱ्यांच्या देखत. ते तुमचं चुकलंच होतं असं मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली म्हणून तुमचं सगळं बरोबर ठरत नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण तुमच्याशी भांडलो नाही तर मला दुसरं काय बोलायला येतं? जिवंतपणी तरी आपण दुसरं काय बोललो?

आपलं दुकान जोतिबाच्या देवळाच्या पायऱ्यांवर, स्टँडकडनं येणाऱ्याला जवळजवळ शेवटी लागायचं. तिथपर्यंत येईस्तोवर लोकांची ताटं भरलेली असायची, नारळ झालेला, गुलाल झालेला, दवण्याची जुडी पोराच्या हातात. आपल्याकडं यायची ती फक्त ठरलेली घरं. आज्याच्या वेळेपासनं आपल्याच फळीखाली चपला काढणारी. त्यांच्यासाठी तुम्ही ताट लावायचात आणि सगळं लावून झालं की बंडीच्या खिशातनं स्वतःचा एक रुपया काढून वर ठेवायचात. दुकानाकडनं देवाला. आई म्हणायची, "एकेक करून खिसा मोकळा हुतोय, ध्येनात येतंय का?" तुम्ही म्हणायचात, "त्यो रुपाया न्हाई ठेवला तर मी नुसता इकणारा झालो की." मला तेव्हा वाटायचं, झाला असतात नुसता विकणारा तर बरं झालं असतं. नववीत माझी शाळा सुटली ती काय शाळेला कंटाळून नव्हे.

म्हणून मी त्या दिवशी स्टँडवर गेलो. यष्टीतनं पाचसहा माणसं उतरली, बाया, एक म्हातारी. त्यांनी मला आपल्या पलीकडच्या दुकानाचं नाव विचारलं. मी म्हणालो, "हेच की आमचं. या पावणं, माझ्या मागनं या." आणि आणलं आपल्याकडं. तुम्ही खुशीत ताट लावायला घेतलं. खोबऱ्याच्या वाट्या मांडून झाल्या, आणि ती म्हातारी तुम्हाला म्हणाली, "तुमच्या आईचा पाय बरा झाला का? मागल्या साली पडल्या हुत्या." तुमची आई मी जन्मायच्या आधी गेलेली. तुमचा हात ताटावरच थांबला. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग म्हणालात, "त्या पलीकडच्या घरातल्या, मावशी. चला, सोडतो." चपला उचलल्या आणि निघालात. पलीकडचा मालक गल्ल्यावरनंच ओरडला, "काय ओ, घरपोच गिऱ्हाईक देतायसा? आमची तर चैनच झाली!" सगळ्या पायऱ्या हसल्या. परत येऊन मला म्हणालात, "मुस्काटात दिली असती, पर हात गुलालाचा हाय. नावानं आलेलं माणूस त्या नावाचं असतंय. त्येला मधीच गाठायचं न्हाई." त्या दिवशी भरून ठेवलेलं ते ताट संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. मला ते ताट अजून दिसतं.

आता मी काय करतो ते तुम्हाला सांगायचं म्हणजे पंचाईतच आहे. तुम्ही फोनसुद्धा दोन्ही हातांनी धरायचात. दिल्लीच्या बाजूला एका इमारतीत बसतो, खिडक्या उघडत नाहीत. कोल्हापुरात नेट कॅफेत झाडू मारत मारत टाइप करायला शिकलो, तिथनं एकानं इकडं आणलं. काम असं, की समजा जगातली सगळी दुकानं एकाच पायऱ्यांवर आहेत आणि स्टँडवर एकच माणूस उभा आहे. येणारा प्रत्येक जण त्यालाच विचारतो, अमुक कुठं मिळेल? तो दहा दुकानं सांगतो, ओळीनं. त्याच्या पुढची पण सांगतो, पण तिथवर कोण जातंय? आपल्यासारखंच. तो माणूस म्हणजे मशीन. आणि आमच्या गिऱ्हाइकाचं नाव त्यानं पहिलं घ्यावं, एवढ्यासाठी आम्ही पगार घेतो.

ते मशीन काय बघतं? तुमच्या पाटीवर काय लिहिलंय ते बघतं, आणि दुसरी किती दुकानं तुमच्याकडं बोट दाखवतायत ते बघतं. सरळ रस्ता लांबचा आहे. म्हणून मग आम्ही बोट दाखवणारी खोटी दुकानंही आम्हीच उभी करतो, एकमेकांची वाहवा करणारी. आणि पाटीवर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहितो. माणसाला पान कोरं दिसतं, मशीनला सगळं वाचता येतं. कधी त्याच्या ध्यानात आलं तर ते दुकानच यादीतनं उडवतं, मग पैसे बुडालेला मालक आमच्या साहेबावर, साहेब आमच्यावर. रोज सकाळी आल्या आल्या पहिलं आपला नंबर बघायचा. सवय होत नाही.

गेल्या माघात साहेबानं मला बोलावलं. "तू जोतिबा का है ना?" मी म्हटलं, हो. मुंबईचा कोणी व्यापारी, घरबसल्या प्रसाद आणि तुमच्या नावानं नवस, पैसे भरा, आम्ही डोंगरावर करून देतो. तो माणूस डोंगर चढलाय की नाही देव जाणे. साहेब म्हणाला, "चैत्र से पहले पहला नंबर चाहिए. दूसरा नहीं." आणि झालं तर मला कायम करणार, पगार वाढणार. मी महिनाभर झटलो. पान दहाच्या बाहेरच. साहेब येता जाता खुर्चीला पाय लावायचा, "क्या हुआ, तेरा भगवान नहीं मानता?"

मग मला ते सुचलं. दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं, कारण दुसऱ्या कुणाला ते ठाऊकच नाही. डोंगरावर येणारी माणसं देवाच्या नावानं येतात तशीच ठरलेल्या दुकानाच्या नावानं येतात. घराण्याघराण्याचं दुकान. आणि ती नावं नेटवर कुणीच लिहिलेली नव्हती. जे नाव कुणीच लिहिलेलं नाही ते एकदा लिहिलं तरी पहिला नंबर! मी डोळे मिटले आणि स्टँडकडनं चालत निघालो. एकेक दुकान, एकेक मालक, गावभर लोक ज्या नावानं हाक मारतात ते नाव, सगळं मुंबईवाल्याच्या पानावर. पांढऱ्यावर पांढरं. शेवटी आपलं आलं तेव्हा बोटं थांबली. खरं सांगतो, थांबली. मग वाटलं, सगळ्या पायऱ्या असाव्यात आणि आबाच तेवढे नसावेत? आणि लिहिलं.

चार दिवसांनी मी तुमचं नाव टाकून बघितलं. पहिलं आलं. आबा, तुमचं दुकान आयुष्यात कधी पहिलं लागलं नव्हतं, ते पहिलं आलं! मी उठून पाणी प्यायला गेलो, परत येऊन पुन्हा बघितलं. शेजारच्या पोराला म्हटलं, "ये देख, मेरे बाप का नाम." तो म्हणाला, "अरे वा, क्लिक कर." केलं. उघडलं ते मुंबईवाल्याचं दुकान.

चैत्राची यात्रा झाली आणि आईचा फोन आला. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. लातूरकडचे ते आजोबा तुम्हाला आठवतात ना, लाल पटका, ताट हातात घ्यायच्या आधी तुमच्या खांद्यावर हात ठेवायचे? त्यांचा नातू अमेरिकेत असतो. त्याला मूल झालं, बोललेला नवस होता, बाळाच्या भारंभार गुलाल-खोबरं उधळायचं. त्यानं आपल्या दुकानाचं नाव शोधलं, सापडलं, पैसे भरले, एकवीसशे. आजोबा यात्रेला आले ते बघायला, की झालं कसं. आता आपल्या फळीवर आई बसते, तिला विचारलं. आई म्हणाली, "पैसं कसलं ओ? आमाला काय ठावं न्हाई."

"तुमच्याच नावानं टाकले की, बाई. पोरगं खोटं बोलंल व्हय?"

"जोतिबाच्या शपतीनं सांगते, दादा, एक पै आली न्हाई."

आजोबांनी म्हणे फळीखालच्या चपला काढल्या, हातातच घेतल्या आणि पलीकडच्या दुकानात जाऊन बसले. त्याच दुकानात, आबा. ह्या वेळी सोडायला कुणी गेलं नाही, आपले आपण गेले.

"सगळ्यांनी बघितलं," आई म्हणाली. "तुझ्या बाच्या नावावर कुणीतरी पैसं खाल्लं. तू त्या कांपुटरातच असतुयास न्हवं? हुडीक की, कोण हाय त्यो. मला नुसतं नाव सांग."

मी म्हणालो, "बघतो."

"बघतो न्हवं. हुडीक."

त्या दिवसापासनं आईचा फोन आला की ती दर वेळी पहिलं तेच विचारते, "घावला का?" मी म्हणतो, अजून नाही, लई मोठं जाळं असतंय आई. ती म्हणते, "असूं दे. चोर घरच्यासारखाच असतोय, न्हाईतर दुकानाचं नाव त्येला कसं ठावं?" तिला कळलंय का नाही ते मला कळत नाही. तुम्ही ताटावर हात थांबवून बघितलं होतं तसं तिकडनं कुणीतरी बघतंय असं वाटतं.

मी साहेबाकडं गेलो. म्हटलं, "सर, एक नाम निकालना है." त्यानं मान वर न करता विचारलं, "एक ही? निकाल दे." मी सगळी काढायची म्हणून गेलो होतो. दारातनं आत जाईपर्यंत माझ्या तोंडात सगळीच होती. सगळी काढली तर पान परत खाली जाणार, मुंबईवाला बोंबलणार आणि मी कायम होणार नाही. तोंड उघडलं आणि एकच बाहेर आलं.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पलीकडच्याचं पण नाव काढ. माहीत आहे मला. त्या हसणाऱ्याचंसुद्धा. पण तुमच्याकडं दुकान होतं, आबा, शेवटचं का असेना, फळी होती, बसायला जागा होती. माझ्याकडं एक खुर्ची आहे, ती पण साहेबाच्या पायाशी. तुम्हाला सोडून द्यायला जमायचं कारण सोडल्यावर तुमच्याकडं काहीतरी उरायचं. हे भांडण मी मनात किती वेळा जिंकलोय! आणि जिंकलं की ते भरलेलं ताट दिसतं.

हे सगळं लिहून आपल्या ताईकडं धाडावं, ती आईला वाचून दाखवील, असं वाटून बसलो होतो. आईला पत्र वाचता येत नाही, पण ऐकताना ती मधेच थांबवून विचारते, परत वाच म्हणते. ते "परत वाच" माझ्याच्यानं सोसणार नाही. म्हणून धाडत नाही. आईला फोनवर सांगितलंय की चोर घावला नाही, पण मशीनची चूक निघाली आणि पैसे परत येतायत. तेवढं खोटं. आजोबांना निरोप द्यायला सांगितलंय, की उधळण आपल्याच दुकानाकडनं होईल, बाळाचं वजन तेवढं कळवा. ते परत आपल्या फळीखाली चपला काढतील का, ठाऊक नाही. आई म्हणाली, "येतील. न येऊन जातील कुठं?" पण आवाज तिचा नव्हता.

तुमचं नाव मी काढलं, आबा. आज सकाळी परत टाकून बघितलं, कुठंच येत नाही, पार पुसून गेलंय. बाकीच्या सगळ्या पायऱ्या अजून तिथंच आहेत, पांढऱ्यावर पांढऱ्या, पलीकडच्या दुकानासकट. पान अजून पहिलं आहे आणि मला पहिल्या तारखेपासनं कायम केलंय.

उद्या आईला मनीऑर्डर करतो. एकवीसशे आजोबांच्या नातवाचे आणि दुकानाकडनं तुम्ही वर ठेवला असतात तो एक. दोन हजार एकशे एक रुपये.