उपाशी झाड

४ जानेवारी १९७१
पोचलो एकदाचे! पुणतांब्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या हातात ट्रंक, हन्नाच्या हातात कंदील, आणि दोघांच्याही तोंडावर हसू. फळझाडांच्या संशोधन केंद्रात नोकरी, वर दोन खोल्यांचं क्वार्टर. लग्नाला सात महिने झाले, आता कुठे आमचं स्वतःचं दार आलं. मागच्या अंगणात शेवगा आहे. बाईसाहेबांनी चूल नंतर बघितली, आधी झाड बघितलं. शेजारच्या साळूबाईने घागरभर पाणी दिलं आणि वर माहिती दिली, की शेवगा आधीच्या सायबाने लावलेला. फिलिपसायबाने. ते आता बढती घेऊन जामखेडला गेलेत.

फिलिप! माझ्याआधी हन्नाला ज्याचं स्थळ आलं होतं, तोच. असो. झाड झाडाच्या जागी, आपण आपल्या.

९ जानेवारी
काम आवडलं. बांधावरच्या बाभळी मारायच्या. बुंध्याला कोयत्याने खाच पाडायची आणि आत तणनाशक ओतायचं. गंमत अशी, की माप तेच असूनही सगळ्या सारख्या मरत नाहीत. ज्यांना आम्ही युरिया, सुपर फॉस्फेट, पाणी दिलं, त्या औषध थेट मुळापर्यंत ओढतात, वेड्यावाकड्या वाढतात आणि वाढता वाढताच मरतात. मुरमाड तुकड्यातल्या खंगलेल्या मात्र थोडा पाला गाळतात आणि पुन्हा फुटतात. केंद्राचे साहेब म्हणाले, उपाशी झाड औषध पीत नाही, आधी त्याला जेवू घालावं लागतं.

१७ जानेवारी
उपासनेहून आलो तर फिलिपचं पोस्टकार्ड. नव्या बिऱ्हाडाला शुभेच्छा, आणि शेवग्याला पाणी घालत जा म्हणे. हन्नाने ते तीनदा वाचलं. मी मोजलं. भांड्यांचं धुवण, तांदळाचं धुवण, सगळं त्या झाडाला. वर त्याच्याशी बोलते! माझ्याशी बोलायला मात्र दमलेली असते. जेवताना ताटात शेवग्याच्या पाल्याची भाजी आली आणि माझं टाळकं सटकलं. सांगून टाकलं, त्या झाडाचं काहीही यापुढे माझ्या डोळ्यांसमोर नको. तिने भाजीची वाटी उचलून आत नेली.

२५ जानेवारी
ती नदीवर गेली तेव्हा खाच पाडून औषध ओतलं. वर शेण लिंपलं. तिने विचारलं तेव्हा म्हणालो, खोडकिडा होता.

२ फेब्रुवारी
मूठभर पाला गळला, बस्स. झाड जागच्या जागी, माझ्या नाकावर टिच्चून. मग डोक्यात प्रकाश पडला. आळ्यात नुसता मुरूम आहे. उपाशी आहे लेकाचं.

आळं खोल केलं. केंद्रातून युरिया आणि सुपर फॉस्फेट आणलं. रोज चार बादल्या पाणी घालतोय.

१२ फेब्रुवारी
हसावं की रडावं! मी झाडाची सेवा करतोय म्हणून हन्ना माझ्यावर खूश. डोक्याला तेल चोळून देते. काल म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही रागीट आहात. इतकी गोड ती कधीच वागली नव्हती. पण हेही त्याच्या झाडामुळेच ना? तिथेच तर जळतं माझं.

१६ फेब्रुवारी
झाड काय तरारलंय! आज दुप्पट माप ओतलं.

२३ फेब्रुवारी
शेंडे वळायला लागले. पाला मात्र मरायच्या आधी दुपटीने फुटलाय. हन्नालाही इथलं पाणी मानवलं. केस हातभर वाढले. नखं काल कापली, आज पुन्हा तेवढीच.

२७ फेब्रुवारी
हन्नाची करंगळी आत वळलीय. सरळ करायला गेलो तर ओरडली. मान डावीकडे कलते. शेंडेही डावीकडेच—

१ मार्च
साळूबाईला विचारलं, ही दिवसभर खाते काय? म्हणाली, शेवग्याचा पाला की! रोज दुपारी टोपलंभर. “तुमास्नी खपत न्हाई म्हून लपून खाती बिचारी. तुमी एवढं खत घालताय, वाया कशाला घालवायचं म्हनती.”

देवा, मी काय केलं!

२ मार्च
श्रीरामपूरचे डॉक्टर येऊन गेले. पोटात काय गेलंय, असं त्यांनी दोनदा विचारलं. हन्ना शेजारीच होती, माझा हात धरून. मी म्हणालो, काही नाही.

तिला कळलं तर ती त्याच्याकडे जाईल. नक्की जाईल.

रात्री झाड मुळापासून तोडलं. ती आतून कण्हत होती.

३ मार्च
एकच उपाय सुचतोय. उपाशी ठेवायचं. उपाशी झाड— मुरमाड तुकड्यातल्या बाभळी जगल्या ना! तिला म्हणालो, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, आपण दोघं कडक पाळू. ती हो म्हणाली. डबे कुलपात ठेवले.

४ मार्च
भूक भूक करते. भाकरीचा तुकडा मागते. दिला नाही. तिला वाटतं मी— पण नखं आज वाढली नाहीत. खरंच नाहीत. मापून बघितली.

५ मार्च
मान थोडी सरळ. वाचणार ती! उद्या डॉक्टरांना सगळं सांगतो. जाईना का त्याच्याकडे. जगू दे.

६ मार्च
सकाळीच श्रीरामपूरला जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लगेच घेऊन या. गाडी जुंपताहेत तोवर लिहितोय—

दारात साळूबाई होती. हसत होती. म्हणाली, असला कसला उपास सायेब, लेकरू कळवळत हुतं. तुमी गेलात तशी पोटभर जेवू घातली. तांब्याभर दूध, लोणी, गुळाचा शिरा. तिसऱ्यांदा मागून खाल्लं म्हणे.

हन्ना खाटेवर बसलीय. गालांवर लाली. मला जवळ बोलावते. म्हणते, आता बरं वाटतंय, बघा तरी माझ्याकडे—

केस जमिनीला— बसल्या जागी— मी बघतोय आणि ते अजून वाढ—