लेबल कोकमाचं

१ मे २०२१, पॉइंट कुक
रॉबिन अडकलाच. माझ्या सासऱ्यांची माती उरकून वसईहून निघाला त्याला आठवडा झाला. सोमवारचं पुढचं विमान होतं. आता गेल्या चौदा दिवसांत भारतात असलेल्या कुणालाच इथे ऑस्ट्रेलियात यायला बंदी. चौदा दिवस भरल्यावरचं तिकीटही ईदनंतरचंच मिळतंय. तो शारजाला सलीम-शबानाभाभींकडे आहे, सलीम ठाण्याच्या ऑफिसातला जुना दोस्त. रोजे चालू आहेत, पण याच्या जेवणाची आबाळ नाही म्हणे.
भांडी घासताना एकदम आठवलं. बाटली.

२ मे
झोप नाही. आमच्या रियाच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला मला सासूबाईंच्या हातची जांभळाची वाइन हवी होती. रॉबिन नियमवाला, घरची वाइन विमानातून आणणार नाही. म्हणून मीच सासूबाईंना म्हटलं, कोकम सरबताच्या बाटलीत भरा, त्याला सांगू नका. शारजात दारूला पूर्ण बंदी. आणि हा व्हिजिट व्हिसावर. कुठून सुचलं मला.

५ मे
फोन कायम स्पीकरवर, सलीमला मराठी चांगलं कळतं. मेसेज करायची भीती वाटते. शेवटी म्हटलं, "ते कोकम खराब झालंय, आईंचा फोन होता. ओतून टाक."
"अगं, शबानाभाभींना दिलं मी. इतके दिवस राहायचं, रिकाम्या हातांनी कसं?"
मागून सलीम, "वहिनी, ईदलाच उघडणार. मुलं रोज विचारतात."
मुलं.

८ मे
दिवसभर मोबाइलवर तेच. तुरुंग, दंड, हद्दपारी. वाचू नये ते वाचते. पोळ्या करपल्या. रिया: "मम, इज डॅडा सिक?" नाही म्हटलं.

१२ मे
उद्या ईद. रॉबिनला सांगावं, तर त्याला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावरच दिसेल. न सांगावं, तर रोजे धरलेल्या घरात सणाच्या दिवशी माझी वाइन. ज्यांनी याला भावासारखं ठेवलं त्यांच्या मुलांच्या पेल्यात. मला स्वतःची किळस आली.
दुपारी तीनला सरळ शबानाभाभींना लिहिलं. "भाभी, वो कोकम नहीं, वाइन है. रॉबिन को नहीं मालूम. गलती मेरी है." लेखी पुरावा दिला आपण, हे पाठवल्यावर सुचलं.
तिकडे सकाळचे नऊ. दोन्ही टिक निळ्या. टायपिंग दिसलं, थांबलं. परत दिसलं, थांबलं.
पाच वाजले. रॉबिनला चार वेळा लावला. उचलत नाही.