शिक्षा पूर्ण

सोम., १८ नोव्हें.
नववी ब. विज्ञानाच्या चाचणीत चिठ्ठी एक, अक्षरं दोन. अर्धी खिलेश्वरीची, अर्धी अन्विताची. दोघींना ऑफिसात बोलावलं. खिलेश्वरीनं लगेच छत्तीसगढीत कबूल केलं, "हव मैडम, दूनों झन लिखे हन." अन्विता पंख्याकडे बघत राहिली, पण नाही म्हणाली नाही. चिठ्ठी एक, तर शिक्षाही एकच: उद्यापासून पाच दिवस खेळाच्या तासाला लायब्ररीची कपाटं पुसायची, पुस्तकं लावायची. मी प्राचार्य झाल्यापासून पट्टी, कान, उठाबशा बंद. मिशनची शाळा आहे, पोलीस चौकी नाही.

मंगळ., १९
अन्विताच्या आईचा फोन. वडील साहेब, नवा रायपूरला मोठ्या हुद्द्यावर. आधी हिंदी, मग माझं आडनाव आठवून एकदम मराठी. "मॅडम, आपण आपली माणसं. त्या उरल्याच्या कारखान्यातल्या मजुराच्या पोरीसोबत आमच्या मुलीनं फडकं मारायचं?" म्हटलं, चिठ्ठी सोबत लिहिताना चाललं ना. फोन आपटला. बरं झालं.
खि. आली, फडकं घरून घेऊन. अ. नाही.

गुरु., २१
आमचे चेअरमन, रेव्हरंड सर, स्वतः आले. अ.ला समज द्या आणि खि.ला टीसी. "अनुशासन भी हो जाएगा, बात भी रह जाएगी." कोणाची बात, ते नाही सांगितलं. मी म्हटलं, टीसी द्यायची तर दोघींना द्या, एकाच दिवशी, मी सही करते. चहा अर्धा टाकून गेले.

शनि., २३
खि.चे पाच दिवस झाले. जुन्या अ‍ॅटलासला न सांगता कव्हर घातलं पोरीनं. शिस्तीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: "खिलेश्वरी, ९ ब. शिक्षा पूर्ण. नाव काढा." अ.पुढे: "गैरहजर."
इतकी वर्षं रायपुरात, पण घाईत हात अजून मराठीच लिहितो.

सोम., २५
नाताळाच्या कार्यक्रमाची पत्रं. नवे क्लार्क वर्माबाबू यांनी गठ्ठा पुढे केला. सह्या केल्या. वाचलं काय? नाही.

बुध., २७
खि.चे वडील फाटकाशी. उरल्याहून शिफ्ट सुटल्यावर थेट, अंगावर रोलिंग मिलची धूळ तशीच. हातात टीसी. खाली सही माझी.
"नोनी ह सजा तो भुगत डारिस, मैडम. फेर काबर टीसी?"
पोरीनं शिक्षा भोगली, मग टीसी का, मलाही तेच विचारायचं होतं. वर्माबाबूंना बोलावलं. त्यांनी रजिस्टरच उघडून दाखवलं. "मैडम, आपने ही तो लिखा है. शिक्षा पूर्ण." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शिक्षण पूर्ण, शाळेतून नाव काढा. मग क्लार्क टीसी बनवणार नाही तर काय करणार! 'नाव' म्हणजे होडी असंही हिंदीत होतं, ते नेमकं त्यांना सुचलं नाही.
मुलांना म्हणतो, आईबापाचं नाव काढ. मी पोरीचंच नाव काढलं. लाज वाटली, फार वाटली.
वडिलांसमोर टीसीवर आडवं "रद्द" लिहिलं, हात जोडले. चूक माझी आहे म्हटलं. ते बसले. मग पाणी मागितलं.

गुरु., २८
रे. सरांचा फोन. रद्द कशाला केलं, झालं ते झालं. "प्रभु की इच्छा समझिए."
नाही समजणार. वाचल्याशिवाय सही मी केली, प्रभूने नाही.
आता लेखी आदेश आलाय: टीसी कायम ठेवा, नाहीतर खुलासा द्या. सोमवारी कमिटी. त्याच दिवशी नववीच्या नोंदणीची यादी बोर्डाकडे जाते. यादीत नाव नसलं तर खि.चं वर्ष बुडालं. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर सोमवार.
घरी नवरा, दिलीप, जेवताना: "काहून वैर घेऊन राहिली तू? दोन वर्षं उरली रिटायरमेंटले." मी म्हटलं, दोन वर्षं मान खाली घालून काढू का? भाजी वाढली त्याने. म्हणजे पटलंय.

शुक्र., २९
नववी बची हजेरी मीच घेतली. छापील यादीत खि.चं नाव नाही, पेनाने लिहिलं. मोठ्याने पुकारलं. "यस मैडम." शेजारी अ. बसली होती, मान खाली. तास संपल्यावर मागे आली. "मैडम, मम्मी मना कर रही है... मैं आ जाऊँ लायब्ररी?" मराठी घरात बोलतात, माझ्याशी हिंदी. म्हटलं, ये की. आज एक कपाट पुसून गेली. नीट नाही पुसलं. पण आली.

रवि., १ डिसें.
चर्चमध्ये रे.चा उपदेश: देवापुढे लहानमोठं कोणी नाही. मी पहिल्या बाकावर बसून त्यांच्याकडेच बघत होते. सर पाणी प्यायले दोनदा.

सोम., २ डिसें.
खुलासा एका ओळीचा दिला: चूक माझी, शिक्षा मला द्या, मुलीला नाही. बोर्डाची यादी फाइलमध्ये आहे, खि.चं नाव टाइप केलंय, रे.ची सही तेवढी बाकी.
रजिस्टरही कमिटीपुढे नेते आहे. सकाळी त्यात दोन ओळी लिहिल्या. अन्विता, ९ ब: चार दिवस शिक्षा बाकी. त्याखाली माझं पूर्ण नाव, हुद्द्यासकट: न वाचता सही केली. शिक्षा बाकी.
कमिटीने हे मराठीत वाचावं की हिंदीत, त्यांचं त्यांनी बघावं. माझ्यापुरतं दोन्ही खरं आहे.
आत्ता वर्गावरून येताना बघितलं, खि. आपल्या जागेवर बसली आहे. शिपाई बोलवायला आला.