साडेसातची लेबलं

३ फेब्रुवारी

मेले! शाळेतल्या दुधावरच्या अहवालाची टाइप केलेली प्रत तपासायला माझ्याकडेच आली आणि पान चारवर वाचलं — ‘सर्व मुलांचं रक्त सकाळी साडेसातला, उपाशीपोटी घेतलं.’ सर्व? ज्या शाळेत दूध दिलं तिथलं दुसऱ्या खेपेचं, म्हणजे वर्षानंतरचं, रक्त आम्ही साडेबाराला घेतलं होतं! गाडी वाटेत बंद पडली, पोहोचेपर्यंत मुलं खाऊनपिऊन मोकळी. नळ्यांवर लेबलं मात्र साडेसातची. मी ती आदल्या दिवशीच वेळेसकट लिहून चिकटवते, सकाळी घाई नको म्हणून. या हुशारीवर भारी खूश असायची मी. नंतर दुरुस्त करू म्हटलं, आणि डोक्यातून गेलं ते गेलंच. आठ महिने!

४ फेब्रुवारी

हाडं वाढत असल्याची जी खूण आम्ही रक्तात मोजतो, ती सकाळी भरपूर असते, दुपारपर्यंत उतरते. लॅबमध्ये नव्या आलेल्या पोरींना हे मीच शिकवते — मीच! म्हणजे दूध पिणाऱ्या मुलांचे आकडे दुपारचे, म्हणून कमी. ज्या शाळेत दूध दिलं नाही तिथले सकाळचे. आणि निष्कर्ष काय, तर वर्षभर रोज पेलाभर दूध देऊनही हाडांच्या वाढीत फरक नाही. दिसणार कसा? मीच तो पुसून टाकला.

६ फेब्रुवारी

डॉक्टरबाई खुशीत आहेत. अभ्यास त्यांचा, अहवालावर नाव त्यांचं. ‘फरक नाही, हेही कळायला हवंच की!’ शाळेला पत्र गेलं — एक तारखेपासून दूध बंद. मी धीर करून ‘बाई, जरा बोलायचं होतं’ म्हटलं. ‘तुझी नेमणूक वाढवायचा कागद सहीला आलाय, आठवण कर हं.’ ‘करते’ म्हटलं आणि बाहेर आले.

९ फेब्रुवारी

लेक त्याच शाळेत आहे, तिसरीत. घरी दुधाला नाक मुरडते, शाळेत मात्र घटाघट पिते आणि पांढऱ्या मिशा घेऊन घरी येते. आज म्हणाली, ‘आई, दूध बंद होणार म्हणे. आमची हाडं नापास झाली का गं?’

मी भाजी चिरत होते. लाज वाटली, खूप.

१० फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना नाही सांगितलं.

११ फेब्रुवारी

आजही नाही. त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शिपाई विचारतो, ‘ताई, काही हरवलंय का?’

१४ फेब्रुवारी

नवऱ्याच्या कानावर घातलं. ‘आता तोंड उघडलंस तर तूच अडकशील.’ अडकलेलीच आहे की! बोलले तर नोकरी जाते — शिवाय पुन्हा सुया, पुन्हा दोनशे पोरांची रडारड. नाही बोलले तर त्यांचं दूध जातं. वर हे साहेब म्हणतात, ‘दूध काय, घरी पितील.’ डोकंच फिरलं माझं. जेवले नाही.

२० फेब्रुवारी

मुख्याध्यापकांचा फोन. डॉक्टरबाई मीटिंगमध्ये, म्हणून मी उचलला. ‘आमच्या निम्म्या मुलांना दिवसभरात तेवढंच दूध मिळतं हो. तुम्ही शिकलेली माणसं, तुमचा निकाल बरोबरच असणार. पण मुलांना काय सांगू?’ बरोबरच असणार म्हणे! मी नुसतं ‘हो, हो’ करत राहिले.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना सांगितलं. एका दमात. त्या चक्क हसल्या! ‘अगं, ड्रायव्हरनं त्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं मला. पुन्हा सगळं करायला वेळ कुठे होता? साडेसातच राहू दिलं. तू कशाला जीव जाळतेस?’

एकोणीस दिवस मी एकटीच स्वतःला चोर समजत होते.

‘आणि हे बघ, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये.’

मुख्याध्यापक बाहेरच बाकावर बसले होते. मीच बोलावलं होतं त्यांना. आत येताना दार मी लावलंच नव्हतं.